कंपनीत रोबोट येतोय, माझी नोकरी राहणार का? एका सीएनसी ऑपरेटर भावाला सविस्तर उत्तर

गोकुळ शिरगावच्या एका मशीन शॉपला नऊ वर्षं सीएनसी टर्निंगवर (म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या लेथवर) असलेल्या एका भावानं विचारलंय की, आमच्या दोन मशीनच्या मधी पुढच्या दोन-तीन महिन्यांत रोबोट बसवणार म्हणतायत, तिन्ही शिफ्ट मिळून आम्ही सहाजण आहोत, त्यातले दोघं कंत्राटी, तर कुणाला ठेवणार आणि कुणाला काढणार, मी आत्ताच दुसरीकडं बघू का, रोबोटचा एखादा कोर्स करू का, आणि धाकटा भाऊ कळंब्याच्या आयटीआयला आहे त्याला काय सांगू.

भावा, मी गेली बावीस वर्षं हेच काम करतोय. आधी मेंटेनन्सला होतो, नंतर शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलची पंचतारांकित एमआयडीसी अशी सगळीकडं ऑटोमेशनची कामं केली. म्हणजे तुझ्या मशीनच्या मधी येऊन रोबोट बोल्ट करणारा माणूस माझ्यासारखाच कुणीतरी असणार आहे. त्यामुळं धीर द्यायचा म्हणून काहीतरी गोड बोलणार नाही, जे बघितलंय तेच सांगतो.

तुझी नोकरी बहुतेक राहील. त्या दोन कंत्राटी पोरांची बहुतेक जाईल. आणि तुझ्या धाकट्या भावाला जी नोकरी दोन वर्षांनी त्याच शॉपमध्ये लागली असती ती बहुतेक निघणारच नाही. ह्या तीन गोष्टी वेगवेगळ्या आहेत आणि लोक फक्त पहिलीचाच विचार करतात.

आधी तिथं नक्की काय होणार ते समजून घे. दोन टर्निंग सेंटर समोरासमोर किंवा काटकोनात, मधी सहा अक्षांचा रोबोट, त्याच्या हाताला दोन जबड्यांचा ग्रिपर, एका बाजूनं कच्चं कास्टिंग (फौंड्रीत ओतलेला तुकडा) यायचा कन्व्हेअर आणि दुसऱ्या बाजूनं झालेला पीस जायचा, भोवतीनं जाळीचं कुंपण आणि दाराला इंटरलॉक, म्हणजे कुणी आत शिरलं की सगळं थांबतं. रोबोट काय करतो तर मशीनचं दार उघडलं की एका जबड्यानं झालेला पीस काढतो, मनगट फिरवून दुसऱ्या जबड्यातला कच्चा पीस चकमध्ये (मशीनच्या पकडीत) धरतो, बाहेर येतो, दार बंद, सायकल स्टार्ट. बस्स, एवढंच. तू आज जे काम करतोस त्यातलं उचलणं-ठेवणं एवढंच तो घेतो. इन्सर्ट, म्हणजे कापणारं टोक, कधी बदलायचा, बोअर, म्हणजे आतलं भोक, दहा मायक्रॉन मोठा यायला लागला की टूलला ऑफसेट किती द्यायचा, कटिंगचा आवाज बदलला की हात लगेच फीड होल्डच्या, म्हणजे टूल थांबवायच्या, बटणावर का जातो, पहिला पीस गेजला बसला नाही तर दोष मशीनचा की कास्टिंगचा, ह्यातलं त्याला काहीही कळत नाही.

आणि आपल्या कोल्हापुरात तर हे जास्तच खरं आहे कारण आपला माल कास्टिंगचा आहे, बारमधनं कापलेला गोल तुकडा नव्हे. कास्टिंग एकसारखं कधीच येत नाही. साच्याच्या सांध्याला, पार्टिंग लाइनला, जादा धातूची कड म्हणजे फ्लॅश राहतो, रायझर (ओतताना वर ठेवलेला जादा धातू) तोडल्यावर बुडखा राहतो, कुठं वाळू चिकटलेली असते, आतल्या पोकळीसाठी ठेवलेला वाळूचा कोअर जरासा सरकला असला तर भिंत एका बाजूला जाड होते. तुझा हात हे न बघताच ओळखतो, तू पीस जरा फिरवून चकमध्ये बसवतोस, नाहीतर बाजूला ठेवून देतोस. रोबोट तो वाकडाच धरतो, चक दाबला जातो, आणि मग एकतर सीटिंगचा सेन्सर अलार्म देतो नाहीतर टूल जातं. मी बसवलेल्या बहुतेक सेलमध्ये (मशीन, रोबोट, कुंपण ह्या सगळ्या संचाला सेल म्हणतात) पहिले दोन महिने खरी मारामारी रोबोटशी झालेलीच नाही, ती फेटलिंगशी, म्हणजे कास्टिंग घासून साफ करायच्या कामाशी झाली. रोबोट यायच्या आधी ग्राइंडिंगवाल्यानं अर्धा मिलिमीटर जास्त ठेवलं तरी चालून जायचं, कारण पुढं तुझ्यासारखा माणूस ते सांभाळून घ्यायचा. आता चालत नाही. म्हणजे काम नाहीसं होत नाही, त्यातलं बरंच मागं सरकतं, फेटलिंगला, तपासणीला, फिक्स्चरला, आणि तिथं हात आणि डोळे तयार असलेला माणूस जास्त लागतो.

आता मालकाचं गणित बघ, ते कळलं की पुढचं सगळं कळतं. असा सेल साधारण २८-३० लाखांच्या घरात जातो असं धर. तुमच्या सहाजणांच्या जागी तिन्ही शिफ्टला एकेक मिळून तीन माणसं राहिली, म्हणजे तीन वाचली. माणशी पगार, पीएफ, ईएसआय, बोनस, कॅन्टीन सगळं धरून महिना २५ हजार म्हटलं तर वर्षाला ९ लाख. म्हणजे पैसे वसूल व्हायला तीन वर्षांवर जातात, वर वीज, हवा, मेंटेनन्स वेगळंच. एवढ्यावर आपला कोल्हापूरचा मालक सहजासहजी तयार होत नाही, मी कित्येकदा हे कोटेशन घेऊन परत आलोय. तो तयार होतो कशानं, तर तिसऱ्या शिफ्टला पहाटे तीन ते पाच जे पीस कमी पडतात त्यानं, जोतिबाच्या यात्रेला, गणपतीत आणि सुगीच्या दिवसात जी गैरहजेरी असते त्यानं, आणि ग्राहक कंपनीचा माणूस ऑडिटला आल्यावर "तुमच्याकडं ऑटोमेशन किती" असं विचारतो त्यानं. पगार वाचवायचा म्हणून रोबोट येतो हे अर्धंच खरं आहे.

ह्याच गणितानं दुसरी गोष्ट पण ठरते, ती म्हणजे बॅच. एकच पीस महिन्याला दहा-वीस हजार असेल तर रोबोट परवडतो. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या छोट्या वर्कशॉपमध्ये जिथं आज पंपाचं केसिंग, उद्या व्हॉल्व्ह बॉडी, परवा कुणाच्यातरी ऊसाच्या चरकाचा गिअर अशी पन्नास-पन्नास नगांची कामं चालतात तिथं तो परवडत नाही, कारण दर वेळी ग्रिपर बदला, पॉइंट परत शिकवा, ह्यातच दिवस जातो. त्यामुळं "मोठ्या कंपनीत नोकरी पक्की आणि उद्यमनगरातल्या वर्कशॉपला भवितव्य नाही" असं जे घरचे सांगतात ते ह्या बाबतीत बरोबर उलटं आहे. जॉबिंग, म्हणजे अशी सुटी-सुटी कामं करणारा, ड्रॉइंग वाचून स्वतः सेटिंग लावणारा माणूस रोबोटपासून सगळ्यात लांब आहे.

एक गोष्ट मी मनापासून सांगतो, सगळंच काम माणसाकडं राहावं असं मला वाटत नाही. जगातला पहिला औद्योगिक रोबोट, युनिमेट, १९६१ साली अमेरिकेत न्यू जर्सीत जनरल मोटर्सच्या कारखान्यात बसला, आणि त्याला पहिलं काम काय दिलं तर डाय कास्टिंग मशीनमधनं गरम कास्टिंग बाहेर काढायचं. म्हणजे सुरुवातच आपल्या धंद्यातनं झाली, आणि बरोबरच झाली. आपल्याकडं नॉकआउट (साचा फोडून कास्टिंग बाहेर काढणं) आणि फेटलिंगला उन्हाळ्यात एकदा आठ तास उभं राहून बघ. वीस किलोचं कास्टिंग उचलून ग्राइंडरवर धरायचं, ठिणग्या, कानठळ्या, आणि हवेत वाळूची बारीक धूळ. ती धूळ सिलिकाची असते, फुप्फुसात बसली की सिलिकोसिस होतो, आणि तो बरा होत नाही. मी चाळिशीतली माणसं जिना चढताना दम लागून थांबलेली बघितलीत. गावातली पोरं ह्या कामाला येत नाहीत म्हणून ओडिशा, बिहार, यूपीची पोरं येतात, खोलीत सहा-सहाजण राहतात आणि मास्क दिला तरी घामानं गुदमरतं म्हणून काढून ठेवतात. तिथं रोबोट आला तर मला आनंदच आहे. पण गंमत अशी की रोबोट तिथं सगळ्यात शेवटी येतो, कारण ते काम त्याला सगळ्यात अवघड जातं, आणि तिथला माणूस सगळ्यात स्वस्त पडतो.

आता आकडे, कारण व्हॉट्सॅपवर काहीही फिरतंय. इंटरनॅशनल फेडरेशन ऑफ रोबोटिक्सच्या आकड्यानुसार २०२३ मध्ये जगात सुमारे ५ लाख ४१ हजार नवीन औद्योगिक रोबोट बसले, त्यातले निम्म्याहून जास्त एकट्या चीनमध्ये, आणि भारतात बसले ८,५१०. त्या वर्षी दक्षिण कोरियात कारखान्यातल्या दर १०,००० कामगारांमागं हजाराच्या वर रोबोट होते, जगाची सरासरी १६२ होती. आपण अजून कुठं आहोत ते बघ. पण वेग मात्र आहे, भारताचा तो आकडा एका वर्षात ५९ टक्क्यांनी वाढलेला होता.

मग नोकऱ्यांचं काय झालं? अमेरिकेत असिमोग्लू आणि रेस्ट्रेपो ह्या दोघा अर्थतज्ज्ञांनी १९९० ते २००७ चा काळ तपासला, त्यांना असं आढळलं की दर हजार कामगारांमागं एक रोबोट वाढला की काम करणाऱ्यांचं लोकसंख्येतलं प्रमाण ०.२ टक्के बिंदूंनी घटतं आणि पगार ०.४२ टक्क्यांनी. ऐकायला लहान वाटतं, पण ज्या गावात कारखाने दाट आहेत तिथं तो मार एकवटून बसतो. जर्मनीत मात्र तसाच अभ्यास झाला तर एकूण नोकऱ्या कमी झालेल्या दिसल्या नाहीत. कारखान्यात कमी झाल्या त्या सेवाक्षेत्रात भरून निघाल्या, आणि आधीपासून आत असलेले कामगार तर बहुतेक तिथंच टिकले, काम बदलून टिकले. मग घट आली कुठनं? नवीन तरुण पोरांना घेणं कमी केलं त्यातनं.

हे वाचलं तेव्हा मला अजिबात नवल वाटलं नाही, कारण मी हे इथं डोळ्यानं बघितलंय. एका कंपनीत, नाव सांगत नाही, आम्ही तीन सेल लावले. मालकानं सगळ्यांसमोर सांगितलं की एकही माणूस काढणार नाही, आणि त्यानं शब्द पाळला पण. परमनंट एकही गेला नाही. पण महिन्याच्या एक तारखेला मी सकाळी ट्रायलला गेलो तर रोज मला चहा आणून देणारी, कास्टिंग ट्रॉलीवर लावणारी तीन पोरं दिसेनात. विचारलं तर सुपरवायझर म्हणाला, ती कॉन्ट्रॅक्टरची होती, त्याला पोरं कमी लागतील एवढंच सांगितलंय. कुणाचा राजीनामा नाही, कुणाचा हिशोब नाही, रजिस्टरला "काढलं" असं कुठं लिहिलेलं नाही. त्यातला एकजण पन्हाळ्याकडच्या एका गावातनं रोज मोटरसायकलवर यायचा, मला रोबोटचं काहीबाही विचारायचा, शिकवा म्हणायचा. सेल मीच लावलेला. मी त्या दिवशी कुणालाच काही बोललो नाही, बोलायला पाहिजे होतं, ते अजून टोचतं. तेव्हापासून कुठल्याही कंपनीत काम घेताना मी पहिल्याच मीटिंगला विचारतो की सेलच्या जागी आज कोण कोण उभं आहे त्यांची नावं द्या, कंत्राटी धरून, आणि त्यातल्या किमान दोघांना ट्रेनिंगला बसवा. काहीजण ऐकतात, काही नाही.

म्हणून रोबोट आल्यावर किती काढले ते मोजून उपयोग नाही, गेटवर नवीन किती घेतले ते मोजायला पाहिजे, आणि ते कुणीच मोजत नाही.

इचलकरंजीला हेच माग बदलताना झालंय. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी तिथं पहिला यंत्रमाग आणला, त्यावर अख्खं गाव उभं राहिलं. आता साध्या मागाच्या जागी एअरजेट, रॅपिअर असे बिनधोट्याचे माग आले, त्यांचा वेग कितीतरी पट आणि एक माणूस कितीतरी जास्त माग बघतो. जुना कामगार साध्या मागावर आहे तोपर्यंत आहे, पण त्याचा पोरगा मागावर येत नाही, कारण तो मागच भंगारात जातो. ऊसाचं पण तेच, हार्वेस्टर आला की आपल्याकडं चर्चा कशाची होते तर पाचट किती जातं, सरी साडेचार-पाच फूट पाहिजे, आपले तुकड्याचे शेत त्याला बसत नाहीत ह्याची. पण त्याच्यामुळं ज्या कोयत्याला, म्हणजे ऊसतोडीच्या जोडप्याला, मुकादमाची उचल (आगाऊ रक्कम) मिळणार नाही ते जोडपं बीडला असतं, आपल्याला दिसतच नाही.

पण उलटं पण सांगतो, नाहीतर वाटेल मी रोबोटच्या विरोधात बोलतोय. राजर्षी शाहू महाराजांनी १९०६ साली उभी केलेली शाहू मिल बंद पडली, तिचा भोंगा ज्यांनी ऐकलाय त्यांना विचार, ती काही रोबोट आला म्हणून बंद पडली नाही. आपल्याकडं जे कारखाने बंद पडलेले मी बघितले ते जुनी मशीनं, रिजेक्शन, वीजदर, गेलेली ऑर्डर अशाच कारणांनी पडले. आणि फौंड्रीवाल्यांनी तर खरी धास्ती इलेक्ट्रिक गाड्यांची घ्यायला पाहिजे. बॅटरीच्या गाडीला सिलिंडर ब्लॉक नाही, हेड नाही, एक्झॉस्ट मॅनिफोल्ड नाही. ज्या शॉपचा निम्मा माल इंजिनाचा आहे तिथं रोबोट असो नसो, ऑर्डर गेली की सगळेच घरी. त्यामुळं तुझी कंपनी रोबोटवर पैसे घालतेय ह्याचा एक अर्थ असाही आहे की त्यांच्याकडं पुढच्या तीन-चार वर्षांचं काम आहे. तो पीस कशाला लागतो, ट्रॅक्टरला, ट्रकला की कारच्या इंजिनाला, हे जरा चौकशी करून ठेव. तुझ्या नोकरीसाठी ते रोबोटपेक्षा जास्त महत्त्वाचं आहे.

कायद्याचं थोडक्यात. नवीन मशिनरी किंवा पद्धत आणल्यानं कामगार कमी होणार असतील तर आधी नोटीस द्यावी लागते, २१ दिवस, हे १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात कलम ९-अ मध्ये होतं आणि नवीन औद्योगिक संबंध संहितेत पण तशी तरतूद ठेवलीय. वर्षभर काम झालेल्या कामगाराला कपात केलं तर एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, आणि भरलेल्या दर वर्षामागं १५ दिवसांच्या सरासरी पगाराएवढी भरपाई. नवीन संहितेत आणखी एक आहे जे लोकांना माहीतच नाही, रीस्किलिंग फंड, म्हणजे कपात झालेल्या प्रत्येक कामगारामागं मालकानं १५ दिवसांच्या पगाराएवढी रक्कम भरायची आणि ती ४५ दिवसांत कामगाराच्या खात्यावर यायला पाहिजे. माझ्या मतानं १५ दिवसांच्या पगारात कुणी नवीन धंदा शिकत नाही, रक्कम फार तोकडी आहे, पण आहे ती सोडू नका. पगाराची स्लिप, पीएफचा नंबर, हजेरीचे पुरावे हे कंत्राटी पोरांनी तर मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवलेच पाहिजेत, कारण प्रत्यक्षात त्यांना "उद्यापासून येऊ नको" एवढंच सांगितलं जातं आणि मग आपण काम केलं होतं हेच सिद्ध करत बसावं लागतं.

आता कोर्सचं. तीन महिन्यांचा "रोबोटिक्स"चा कोर्स, तीस-चाळीस हजार फी, शेवटी सर्टिफिकेट, असल्या जाहिरातीला बळी पडू नको. टीच पेंडंटवर, म्हणजे रोबोटला शिकवायच्या हातातल्या रिमोटवर, रोबोट हलवायला तुझ्यासारख्या माणसाला चार-पाच दिवस लागतात, आणि ते ट्रेनिंग रोबोट विकणारी कंपनी बहुतेक वेळा ऑर्डरबरोबरच देते. अवघड काम पेंडंटचं नाहीये. सेल रात्री दोनला थांबला तर का थांबला हे शोधणं अवघड आहे, म्हणजे सेन्सरचा सिग्नल पीएलसीला (सेल चालवणाऱ्या कंट्रोलरला) येतोय का, सिलिंडरची हवा कमी पडलीय का, चिप्स जबड्यात अडकलीय का, की कास्टिंगच वेगळ्या हीटचं, म्हणजे भट्टीच्या वेगळ्या ओतीचं, आलंय. ह्यासाठी ड्रॉइंग आणि टॉलरन्सची चिन्हं नीट वाचता येणं, न्यूमॅटिक्स म्हणजे हवेवर चालणारी यंत्रणा कळणं, पीएलसीचे इनपुट-आउटपुट वाचता येणं एवढं पाहिजे. ह्यातलं निम्मं तुला येतंय, राहिलेलं मेंटेनन्सवाल्याच्या मागं लागून सहा महिन्यात येईल. शहाणपणानं वागणाऱ्या कंपन्या सेलवर ऑपरेटरच ठेवतात, इंजिनिअर ठेवत नाहीत, कारण इंजिनिअरला पेंडंट येतं पण पीस कळत नाही.

धाकट्या भावाला सांग, फक्त ऑपरेटर म्हणून बटण दाबायची नोकरी धरून बसू नको. ट्रेड पूर्ण कर, पण अप्रेंटिसशिप घेताना मोठ्या नावाच्या प्रॉडक्शन लाइनला जाण्यापेक्षा टूल रूम, मेंटेनन्स नाहीतर पॅटर्न शॉप मिळतंय का बघ. स्टायपेंड तोच, हाताला लागणारं ज्ञान चौपट. आणि एखादं वर्ष उद्यमनगरात एखाद्या जुन्या मिस्त्रीच्या हाताखाली जॉबिंग केलं तर उत्तमच, पगार कमी मिळेल, घरचे कुरकुर करतील, करू देत.

तू दुसरीकडं बघू नको, निदान आत्ता तरी नको, कारण बाहेर पडलास तर नऊ वर्षांची तुझी त्या पीसची जाण तिथंच राहील आणि नवीन ठिकाणी तू पण गेटवरचाच होशील. सोमवारी जाऊन प्रॉडक्शनच्या साहेबांना एवढंच विचार की ग्रिपरची ट्रायल कधी आहे आणि कास्टिंगचे नमुने कुठले पाठवलेत. बहुतेक चांगले निवडून पाठवलेले असतात, तिथंच घोळ होतो. फ्लॅशवाले, वाकडे, बुडखा राहिलेले असे दहा-पंधरा पीस तू बाजूला काढून ठेव, हे पण पाठवा म्हणून सांग, आणि ट्रायलच्या दिवशी मला फर्स्ट शिफ्टला घ्या म्हण. त्या दोन कंत्राटी पोरांपैकी जो ट्रॉली लावतो त्याचं नाव पण तिथंच घे, कारण कुठल्या पीसला काय खोड असते ते तुझ्या खालोखाल त्यालाच माहीत असणार.